सवलत मोठी, भरवसा थोडा

विशेष प्रतिनिधी, बोरीवली

बोरीवली स्थानकाच्या पश्चिमेला उतरून लोकमान्य टिळक मार्गावर फेरफटका मारला, की मध्यमवर्गीय कुटुंबाची आठवड्याची बहुतेक खरेदी उरकते. तयार कपड्यांच्या दुकानात शर्टाच्या कॉलरखालची पट्टी उलटून पाहिली, तर अनेकदा 'मेड इन बांगलादेश' ही अक्षरे वाचायला मिळतात. भाजीवाल्यापुढील ढिगातला कांदा बहुधा नाशिक जिल्ह्यातून आलेला असतो. हिवाळ्याचे दिवस असतील, तर शेजारच्या हातगाडीवर नागपुरी संत्री रचलेली दिसतात आणि किराणा दुकानाच्या फळीवर सोयाबीन तेलाच्या पिशव्या. शर्ट, कांदा, संत्री आणि तेल या चार वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे पिशवी उचलून घराकडे निघालेल्या ग्राहकाला वाटण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात या चारही वस्तूंच्या बाजारभावामागे एकच प्रश्न उभा आहे. विकासाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर असलेल्या शेजारी देशांनी एकमेकांशी व्यापार कोणत्या नियमांनी करावा, हा तो प्रश्न.

मुंबईच्या उपनगरांत 'बांगलादेश' हा शब्द उच्चारला, की चर्चा लगेच घुसखोरीकडे वळते. तो विषय स्वतंत्र आहे आणि येथे त्याचा विचार करावयाचा नाही. येथे विचार करावयाचा आहे तो व्यापाराचा. कारण दक्षिण आशियात बांगलादेश हा भारतीय मालाचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. भारत तेथे वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल पाठवतो आणि तेथून सुमारे २ अब्ज डॉलरचा माल घेतो. पारडे इतके एका बाजूला झुकलेले असताना हा व्यापार बिघडला, तर पहिला फटका कोणाला बसतो, याचे उत्तर दिल्ली किंवा ढाक्यापेक्षा लासलगाव, वरुड आणि लातूर येथे अधिक स्पष्टपणे मिळते.

असमानांचा करार

दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना, अर्थात 'सार्क', ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे स्थापन झाली. बांगलादेश, भूतान, भारत, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका हे तिचे संस्थापक सदस्य. अफगाणिस्तान २००७ मध्ये त्यांत आला. स्थापनेपासूनच या संघटनेची मुख्य अडचण विषमतेची होती. एका बाजूला क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि उत्पादन या सर्वच बाबतींत इतर सर्वांच्या बेरजेहून मोठा असलेला भारत आणि दुसऱ्या बाजूला मालदीव व भूतानसारखे चिमुकले देश. अशांना एकाच मापाने मोजणारा करार न्याय्य ठरला नसता.

म्हणूनच ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादच्या शिखर परिषदेत सह्या झालेल्या आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आलेल्या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात, म्हणजेच 'साफ्टा'त, दोन मापे ठेवण्यात आली. संयुक्त राष्ट्रे दरडोई उत्पन्न, मनुष्यबळाची स्थिती आणि आर्थिक दुबळेपणा यांच्या आधारे ज्यांना 'अल्पविकसित' ठरवतात, त्या देशांना झुकते माप मिळाले. भारत, पाकिस्तान व श्रीलंका यांनी अल्पविकसित सदस्यांच्या मालावरील आयातशुल्क तीन वर्षांत शून्य ते पाच टक्क्यांवर आणावे, असे ठरले. अल्पविकसित देशांना मात्र त्याच पातळीवर येण्यासाठी दोन टप्प्यांत मिळून दहा वर्षांची मुदत देण्यात आली. माल 'मूळचा त्याच देशाचा' ठरण्यासाठी भारतासारख्या देशाला ४० टक्के मूल्यवर्धनाची अट, तर अल्पविकसित देशांना ३० टक्क्यांची. शुल्क घटल्याने त्या देशांचा महसूल बुडेल, त्याची काही काळ भरपाई करण्याची तरतूदही करारात होती.

कागदावर हा आराखडा विचारपूर्वक केलेला होता. तरीही दक्षिण आशियातील देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार त्या वेळी हा व्यापार २३ अब्ज डॉलरचा होता आणि तो किमान ६७ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकला असता. शेजारच्या पाकिस्तानपेक्षा दूरच्या ब्राझीलशी व्यापार करणे भारताला सुमारे २० टक्के स्वस्त पडते, असेही त्याच अहवालाने नोंदवले होते. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली आणि त्यानंतर संघटनेची गाडी रुळावर आलेली नाही.

या अपयशाचे खापर भारत-पाकिस्तान वैरावर फोडण्याची पद्धत आहे. ते कारण खरे आहे, पण अपुरे आहे. भारत आणि बांगलादेश यांच्यात असे वैर अनेक वर्षे नव्हते, आणि तरीही दोघांचा व्यापार वारंवार ठेचाळला. तेव्हा दोष शत्रुत्वापलीकडे शोधावा लागतो.

शर्टाचा प्रवास

सप्टेंबर २०११ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले, तेव्हा भारताने बांगलादेशच्या ४६ वस्त्रप्रकारांवरील शुल्क रद्द केले. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये मालदीवमधील शिखर परिषदेत अल्पविकसित देशांसाठीची 'संवेदनशील' वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणण्याची घोषणा झाली. मद्य, तंबाखू यांसारखे मोजके पदार्थ वगळता बांगलादेशचा जवळजवळ सर्व माल भारतात शून्य शुल्काने येऊ लागला. मोठ्या शेजाऱ्याने दाखवलेले हे औदार्य खरोखरच मोठे होते.

देशातील वस्त्रोत्पादकांना त्याची धग खऱ्या अर्थाने जाणवली ती जुलै २०१७ नंतर. वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आयात कपड्यांवर पूर्वी बसणारे समतुल्य शुल्क गेले. २०१८ मध्ये सरकारने अनेक वस्त्रप्रकारांवरील आयातशुल्क १० वरून २० टक्के केले, पण साफ्टाखाली येणाऱ्या बांगलादेशी मालाला ते लागूच नव्हते. मुंबईत मुख्यालय असलेल्या क्लोदिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेने तेव्हापासून एकच मुद्दा वारंवार मांडला. कापड चीनचे, शिलाई बांगलादेशची आणि सवलत भारताची, असा हा प्रकार असल्याचे तिचे म्हणणे. ३० टक्के मूल्यवर्धनाची अट पुरी झाली की कापड कोठून आले, याला महत्त्व उरत नाही, हे खरेच आहे.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. बांगलादेशच्या तयार कपड्यांची जगभरची निर्यात वर्षाला ३५ अब्ज डॉलरच्या पुढे आहे. त्यातला दोन टक्क्यांच्या आसपासचा हिस्साच भारतात येतो. उलट त्या कारखान्यांना लागणारे सुती सूत मोठ्या प्रमाणावर भारतातून जाते. विदर्भ-खानदेशातला कापूस सूत होऊन सीमेपलीकडे जावा आणि शर्ट होऊन बोरीवलीच्या दुकानात परत यावा, हे अशक्य नाही. या साखळीत कापूस उत्पादक, सूतगिरणी, ढाक्यातील शिलाई कामगार आणि येथील ग्राहक असे सगळेच काही ना काही मिळवतात. गमावतो तो येथील औद्योगिक वसाहतीत वीस-पंचवीस शिवणयंत्रे मांडून बसलेला लहान उत्पादक. त्याच्या नुकसानीचा विचार मात्र फारसा होत नाही.

कांद्याचा विश्वासघात

शर्टाच्या बाबतीत भारताने दिलेली सवलत मोठी होती. कांद्याच्या बाबतीत भारताने तोडलेला भरवसाही तितकाच मोठा आहे.

भारतीय कांद्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक म्हणजे बांगलादेश. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर तडकाफडकी बंदी घातली. सीमेवर पोहोचलेले ट्रक अडकून पडले. बांगलादेशात नोव्हेंबरपर्यंत कांदा किलोला २०० टकांच्या वर गेला आणि तेथील सरकारला तो विमानाने मागवावा लागला. त्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीला आलेल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितले आहे, असे हसत हसत सुनावले होते. बंदी घालण्यापूर्वी थोडी सूचना दिली असती, तर बरे झाले असते, हा त्यामागचा आशय होता. वर्ष उलटले नाही तोच १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली आणि ती १ जानेवारी २०२१ ला उठली.

मध्यंतरी मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, लासलगावहून बांगलादेशातील दर्शना स्थानकापर्यंत कांद्याच्या मालगाड्या धावल्या होत्या. इच्छा असेल तर मार्ग निघतो, याचा तो पुरावा होता. तो मार्ग चार महिन्यांत धोरणानेच बंद केला.

तिसरी फेरी अधिक लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली आणि डिसेंबरमध्ये सरसकट बंदी. तिची ३१ मार्च २०२४ ची मुदत पुढे वाढवण्यात आली. दरम्यान बांगलादेशसह काही मित्रदेशांना ठराविक कोटा सरकारी मान्यतेने, राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत, देण्यात आला. लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क कायम राहिले. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

शहरी ग्राहकाला कांदा परवडावा, हे सरकारचे उद्दिष्ट समजण्यासारखे आहे. आपण सारे शहरी वाचक त्या स्वस्ताईचे लाभार्थी आहोत, हेही प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. परंतु या स्वस्ताईची किंमत कोणी चुकवली? लासलगाव, पिंपळगाव आणि उमराण्याच्या शेतकऱ्याने पडलेल्या भावातून ती चुकवली, आणि पुढे बाजारपेठ गमावूनही. कारण बांगलादेशाने धडा घेतला. त्याने म्यानमार, तुर्कस्तान, इजिप्त, चीन आणि पाकिस्तान येथून माल आणण्याची सवय लावून घेतली. स्वतःचे कांद्याचे क्षेत्र आणि उत्पादन वाढवले. आपल्या शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून २०२५ मध्ये तर त्याने आयातीचे परवाने अनेक महिने रोखून धरले. आपण दार पुन्हा उघडले, तेव्हा पलीकडच्या माणसाने स्वतःच्या दाराला कडी घातलेली होती.

संत्र्याचे दुखणे

बांगलादेशच्या बाजूनेही सारेच आलबेल नाही. वरुड, मोर्शी, काटोल आणि नरखेड या पट्ट्यातील संत्र्याला बांगलादेश हीच मुख्य परदेशी बाजारपेठ. तेथे २०१९ च्या सुमारास किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेला आयातकराचा भार २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेला. माल सीमेवर पोहोचण्याआधीच बागेतल्या भावापेक्षा कर जड, अशी अवस्था झाली. निर्यात घटली, फळ देशातच साचले आणि भाव कोसळले. अखेर राज्य सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये या कराच्या निम्मी, म्हणजे किलोला ४४ रुपये, इतकी रक्कम अनुदान म्हणून देण्याचे ठरवले. परदेशाने लावलेल्या कराचा निम्मा बोजा महाराष्ट्राच्या करदात्याने उचलावा, असा हा विलक्षण तोडगा होता.

मुक्त व्यापाराचा करार असताना हे घडू कसे शकते? येथेच साफ्टाची सर्वांत मोठी पळवाट आहे. हा करार बोलतो तो मूळ सीमाशुल्काबद्दल. बांगलादेशात आयात मालावर सीमाशुल्काखेरीज पूरक शुल्क, नियामक शुल्क असे अनेक थर चढवले जातात आणि ते कराराच्या पकडीत येत नाहीत. मे २०२२ मध्ये परकीय चलनाची चणचण भासू लागताच तेथील सरकारने फळे, फुले, सौंदर्यप्रसाधने, फर्निचर अशा १३५ वस्तूंवर नियामक शुल्क वाढवले. फळे ही तेथे चैनीची वस्तू ठरली. विदर्भातील शेतकऱ्याला मात्र ते फळ म्हणजे वर्षाचा संसार असतो.

बांगलादेशचे सरकारही चुकले, असे येथे म्हणता येईल. पण डॉलर संपत आलेल्या गरीब देशाने आधी कशावर कात्री चालवावी, याचे उत्तर सोपे नाही. नेमक्या अशा संकटासाठीच करारात आगाऊ चर्चेची आणि ठराविक मुदतीची तरतूद लागते. ती नसली, की प्रत्येक संकट शेजाऱ्याच्या अंगणात फेकले जाते.

तेल कोठून येते?

चौथी वस्तू खाद्यतेल. येथे अडचण उलट दिशेची आहे. नेपाळ हा अल्पविकसित सदस्य असल्याने त्याच्या शुद्ध सोयाबीन तेलाला भारतात शुल्क नाही. नेपाळमध्ये सोयाबीनचे पीक मात्र नगण्य. तेथील कारखाने परदेशातून कच्चे तेल मागवतात, ते शुद्ध करतात आणि भारतात पाठवतात. भारताने १४ सप्टेंबर २०२४ रोजी शेतकऱ्यांच्या हितासाठी कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले, तेव्हा इतर देशांचा माल महागला. परिणामी नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाला अधिकच चढ आला. हे तेल प्रामुख्याने उत्तर आणि पूर्व भारतात विकले जाते. पण तेलाचा बाजार देशभर एकच असल्याने त्याचा दाब लातूरच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचतो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि मराठवाड्यातील शेतकरी त्याहून कमी भावाने माल विकत होता.

हा अनुभव नवा नाही. १९९८ मध्ये सही होऊन मार्च २००० पासून अमलात आलेल्या भारत-श्रीलंका करारानंतर श्रीलंकेतून वनस्पती तूप आणि तांबे यांचा ओघ सुरू झाला. दोन्ही देशांच्या आयातशुल्कांतील फरकाचा लाभ घेण्यासाठी तेथे कारखाने उभे राहिले आणि त्यांत भारतीय उद्योजकांचा वाटा मोठा होता. काही वर्षे श्रीलंकेच्या भारतातील निर्यातीचा मोठा हिस्सा याच दोन वस्तूंचा होता. भारताने शुल्काचे दर बदलताच ते कारखाने ओस पडले. नेपाळबरोबरच्या २००२ च्या सुधारित करारातही वनस्पती तूप, ॲक्रिलिक सूत, तांबे आणि झिंक ऑक्साईड यांच्यावर वार्षिक मर्यादा घालावी लागली होती.

तात्पर्य, लहान देशाला दिलेली सवलत त्या देशातील शेतकऱ्याला किंवा कामगाराला मिळेलच, असे नाही. नियम सैल असेल, तर ती दलालाच्या खिशात जाते. २०२० मध्ये भारताने मालाच्या मूळस्थानाचा पुरावा आयातदाराकडून मागण्याचे नवे सीमाशुल्क नियम केले, ते योग्यच होते. परंतु तपासणी कागदपत्रांपुरती न राहता कारखान्यापर्यंत जावयास हवी आणि ती दोन्ही देशांनी मिळून केली तरच तिच्यात संशयाची कटुता येणार नाही.

न्हावा-शेवाचा वळसा

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि दोन्ही देशांच्या संबंधांत कटुता आली. ती व्यापारात उतरायला वेळ लागला नाही. बांगलादेशचा माल भारतीय बंदरे व विमानतळांमार्गे तिसऱ्या देशांत नेण्याची २०२० मध्ये दिलेली सोय भारताने ८ एप्रिल २०२५ रोजी काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबवली. १७ मे रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना भूसीमेवरून प्रवेश नाकारला. कपडे आणायचेच असतील, तर ते कोलकाता किंवा न्हावा-शेवा या दोनच बंदरांतून. जूनमध्ये ताग आणि विणलेल्या कापडाच्या अनेक प्रकारांवर असेच निर्बंध आले, आणि त्यांच्यासाठी तर न्हावा-शेवा हे एकच बंदर उघडे ठेवण्यात आले.

नकाशा डोळ्यांपुढे आणला, तर यातला विरोधाभास ध्यानात येतो. बेनापोल-पेट्रापोल सीमेवरून ट्रकने कोलकात्याकडे येणारा माल आता श्रीलंकेला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरायचा. शुल्क पूर्वीप्रमाणेच शून्य. करारातील एकही अक्षर बदललेले नाही. तरीही वेळ आणि वाहतूक खर्च वाढवून सवलत निम्मी निकामी करता आली. दोन्ही बाजूंनी आपापले कारण दिले. भारताच्या दृष्टीने ते प्रत्युत्तर होते. बांगलादेशच्या दृष्टीने ते आपल्या सूतगिरण्यांचे संरक्षण होते. मात्र सूत पाठवणारा गिरणीमालक आणि ते विकत घेणारा कारखानदार या दोघांचाही त्या राजकीय वादाशी संबंध नव्हता.

इतरांनी काय केले?

विषमता हे केवळ दक्षिण आशियाचे दुर्दैव नाही. आग्नेय आशियातील 'आसियान' संघटनेत सिंगापूर आणि लाओस एकत्र बसतात. १९९२ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्राचा निर्णय झाला, तेव्हा व्हिएतनाम, लाओस, म्यानमार व कंबोडिया हे सदस्यही नव्हते. १९९५ ते १९९९ या काळात ते आले, तेव्हा त्यांना जादा मुदत मिळाली. जुन्या सहा देशांनी २०१० पर्यंत शुल्क हटवायचे होते. नव्या चौघांनी २०१५ पर्यंत, आणि काही वस्तूंसाठी २०१८ पर्यंत. तारखा आधी जाहीर होत्या आणि बहुतांशी पाळल्या गेल्या. आसियान देशांचा आपापसांतील व्यापार आज त्यांच्या एकूण व्यापाराच्या २० टक्क्यांहून अधिक आहे.

युरोपने आणखी पुढचे पाऊल टाकले. स्पेन आणि पोर्तुगाल १९८६ मध्ये सामील झाल्यावर, मागे असलेल्या सदस्यांच्या रस्ते-पर्यावरणादी कामांसाठी मास्ट्रिख्ट कराराने स्वतंत्र निधी उभारला गेला. स्पर्धेमुळे नोकऱ्या गमावणाऱ्या कामगारांसाठीही पुढे निराळा निधी आला. युरोपचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण तारीख पाळायला पैसा लागत नाही.

भारताने स्वतः नोव्हेंबर २०१९ मध्ये 'आरसेप' या १६ देशांच्या प्रस्तावित गटातून माघार घेतली. तेव्हा देशांतर्गत दुग्धव्यवसाय आणि लघुउद्योग यांचे काय, हा प्रश्न कळीचा होता. बलाढ्य चीनपुढे आपण दुबळे ठरू, ही भीती आपल्याला वाटली. नेमकी तीच भीती आपल्याविषयी ढाका, काठमांडू आणि कोलंबो येथे वाटत असते, याचे भान आपण क्वचितच ठेवतो.

तारीख जवळ आली

हा सारा ऊहापोह आता करण्याचे कारण म्हणजे एक तारीख. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२१ मध्ये केलेल्या ठरावानुसार बांगलादेश व नेपाळ यांनी अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याचा दिवस २४ नोव्हेंबर २०२६ हा ठरला. भूतान त्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, बाहेर पडला. यादीतून बाहेर पडणे ही प्रगतीची पावती आहे. पण तिच्याबरोबर सवलतीही जातात. म्हणूनच बांगलादेशातील उद्योजकांच्या संघटनांनी २०२५ मध्ये ही तारीख पुढे ढकलण्याची मागणी केली. युरोपीय महासंघाने बाहेर पडल्यानंतरही तीन वर्षे सवलत चालू ठेवण्याची तरतूद आधीच करून ठेवली आहे. भारत आणि बांगलादेश यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करारासाठीचा संयुक्त अभ्यास २०२२ मध्येच पूर्ण झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी वाटाघाटी त्याच वर्षी सुरू करण्याचे निर्देशही दिले होते. त्यानंतर दोन्ही देशांच्या संबंधांनी काय वळण घेतले, ते वर आलेच आहे.

साफ्टात या प्रसंगासाठी एक दाखलाही आहे. मालदीव यादीतून बाहेर पडला तरी त्याला अल्पविकसित देशाची वागणूक मिळत राहील, असे स्वतंत्र कलम करारात आहे. बांगलादेशासाठी तसेच कायमचे कलम करणे व्यवहार्य नाही, कारण वस्त्रोद्योगात तो आता दुबळा राहिलेला नाही. पण सवलत एका रात्रीत संपवण्याऐवजी ती टप्प्याटप्प्याने, जाहीर वेळापत्रकानुसार कमी करणे आणि त्या बदल्यात संत्र्यावरील अतिरिक्त शुल्कांचे थर तितक्याच टप्प्यांनी उतरवून घेणे, ही देवघेव शक्य आहे. कांद्याबाबत तर उपाय आणखी सोपा आहे. टंचाईच्या वर्षातही शेजाऱ्याला मिळेल असा किमान कोटा आधीच ठरवावा आणि निर्यातबंदीपूर्वी ठराविक दिवसांची सूचना बंधनकारक करावी. २०२४ मध्ये कोटा दिला गेलाच. तो बंदीनंतर मेहेरबानी म्हणून देण्याऐवजी करारात हक्क म्हणून लिहावा, इतकेच. आणि राहिला तो येथील लहान उत्पादक व शेतकरी. करारामुळे ज्याचे नुकसान होते, त्याच्यासाठी कायमस्वरूपी निधी असावा. संत्र्याचे भाव कोसळल्यावर अधिवेशनात घोषित होणारे अनुदान ही त्याची जागा घेऊ शकत नाही.

यावर आक्षेप येईल, की राजकीय संबंध बिघडलेले असताना व्यापारात औदार्य कशासाठी? उत्तर असे, की यात औदार्य मागितलेलेच नाही. सवलती भारताने भरपूर दिल्या. २०११ चे औदार्य तर आसियानलाही लाजवणारे होते. पण सकाळी दिलेली सवलत संध्याकाळच्या अधिसूचनेने निरुपयोगी होत असेल, तर तिच्या भरवशावर कोणी कारखाना उभारत नाही, कोणी बाग लावत नाही. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. धोरणाचे आयुष्य त्याहून कमी असेल, तर शेतकऱ्याने कशाच्या जोरावर कलम लावायचे?

सहकारी गृहनिर्माण संस्थांत आयुष्य काढणाऱ्या बोरीवलीकरांना हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. संस्थेत कोणाची सदनिका मोठी असते, कोणाची लहान. कोणी सधन असतो, कोणी निवृत्तिवेतनावर जगणारा. या विषमतेने संस्था मोडत नाही. पाण्याची टाकी धुण्यासाठी पाणी बंद ठेवायचे असले, तर आदल्या दिवशी फलकावर सूचना लागते आणि त्या सूचनेमुळेच शेजारधर्म टिकतो. ती न लावता कोणी गच्चीवर जाऊन नळ बंद करू लागला, तर त्याने पूर्वी देणगी किती दिली होती, हे कोणी विचारत नाही. दक्षिण आशियाच्या या मोठ्या संस्थेत सर्वांत मोठी सदनिका आपली आहे. तेव्हा फलकावर सूचना लावण्याची पहिली जबाबदारीही आपलीच आहे.